डोगरी भाषेच्या स्वातंत्र्याची प्रमाणे : एक चिकित्सा

डोगरा हे नाव उच्चारले की मराठी वाचकापुढे बहुधा एक राजघराणे उभे राहते. १६ मार्च १८४६ चा अमृतसरचा तह, त्यान्वये पंचाहत्तर लक्ष रुपयांच्या मोबदल्यात गुलाबसिंहाच्या हाती आलेले काश्मीर, तत्पूर्वी १८३४ पासून लडाखवर चालून गेलेला आणि १८४१ च्या डिसेंबरात तिबेटच्या हिवाळ्यात मारला गेलेला सेनापती जोरावरसिंह, आणि अखेरीस १९४७ सालच्या पेचात सापडलेले महाराजा हरिसिंह, एवढ्या चार-पाच स्मृतींवर आपले डोगराविषयक ज्ञान उभे असते. या घटना महत्त्वाच्या नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांनाच ‘डोगरा लोकांचा इतिहास’ म्हणण्यात अव्याप्तीचा दोष आहे. जम्मू, सांबा, कठुआ, उधमपूर, रियासी या मुलखात शेती करणारा, सैन्यात जाणारा, जत्रांत गाणी ऐकणारा जो समाज आहे, त्याचा इतिहास तहनाम्यांत शोधून सापडत नाही. त्याचा एक मोठा भाग त्या समाजाच्या भाषेत आहे, आणि त्या भाषेविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

प्रस्तुत लेखात डोगरीचा समग्र परिचय करून देण्याचा विचार नाही. डोगरी ही पंजाबीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात दोन्ही बाजूंनी जी प्रमाणे पुढे केली जातात त्यांची छाननी करणे, एवढाच मर्यादित हेतू आहे. वाद आता निकालात निघाला आहे असे व्यवहारात म्हणता येईल. साहित्य अकादेमीने १९६९ मध्ये डोगरीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ती बोडो, मैथिली व संताली यांच्यासमवेत आठव्या अनुसूचीत आली. २०२० च्या कायद्याने ती जम्मू-काश्मीरच्या राजभाषांपैकी एक झाली. निकाल योग्यच आहे, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. तथापि निकाल योग्य असला म्हणून त्यासाठी दिलेली सर्व कारणे योग्य ठरत नाहीत. वकिलाला असे चालते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला चालू नये.

प्रथम नावाचा प्रश्न घेऊ. ‘डुग्गर’ हे प्रदेशाचे नाव व ‘डोगरा’ हे लोकांचे नाव संस्कृत ‘द्विगर्त’ या शब्दापासून आले, असे आजही मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. सरुईंसर आणि मानसर या दोन सरोवरांच्या परिसरातला तो ‘दोन गर्तांचा’ देश, अशी ही उपपत्ती आहे. ती ऐकायला सुबक आहे आणि तिच्यामागची प्रेरणाही उघड आहे. शेजारच्या कांगड्याचे ‘त्रिगर्त’ हे प्राचीन नाव महाभारतापासून प्रसिद्ध असताना आपल्याही देशाला तितकेच प्राचीन नाव असावे, असे कोणाही अभिमानी पंडिताला वाटणारच. पण ध्वनिनियम अभिमानाला जुमानत नाहीत. ‘गर्त’ या शब्दातील ‘र्त’ या संयोगाचे प्राकृतात ‘त्त’ किंवा ‘ड्ड’ होते. ‘द्विगर्ता’तून ‘दुगत्त’ किंवा ‘दोगड्ड’ यांसारखे काही निघाले असते. ‘डुग्गर’ निघत नाही, कारण शेवटचा रेफ कोठून आला याचे उत्तर मिळत नाही.

याउलट चंबा संस्थानातील अकराव्या शतकातील ताम्रपटांत ‘दुर्गर’ असे देशनाम आढळते. हे ताम्रपट जे. पी. फोगेल यांनी १९११ मध्ये चंब्याच्या पुरावशेषांवरील आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले, आणि ‘द्विगर्त’ हे पंडितांनी ‘त्रिगर्ता’च्या धर्तीवर बनवलेले रूप होय, असे मतही मांडले. ‘दुर्गर’पासून ‘दुग्गर’ होणे मराठी विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. ‘मार्ग’पासून ‘मग्ग’ व पुढे आपला ‘माग’ याच वाटेने आला आहे. आद्य दंत्य ‘द’चा मूर्धन्य ‘ड’ झाला, हेही अपूर्व नाही. ‘दंश’ आणि ‘डसणे’, ‘दोला’ आणि ‘डोलणे’ या जोड्या घरच्याच आहेत. मराठी वाचकाला येथे आणखी एक मोह होण्याचा संभव आहे, तो ‘डोंगर’ या शब्दाचा. डोंगरात राहणारे ते डोगरे, अशी सोपी फोड काही लेखकांनी राजस्थानी ‘डूंगर’ शब्दाच्या आधारे केलीही आहे. परंतु ‘डुग्गर’ या नावात अनुनासिकाचा मागमूस नाही, आणि ताम्रपटातील रूपातही नाही. शब्द सारखे दिसतात एवढ्यावरून त्यांची सोयरीक जुळवण्याचा काळ भाषाशास्त्रात केव्हाच सरला.

या सगळ्या चर्चेचा डोगरीच्या स्वातंत्र्याशी संबंध किती? वस्तुतः मुळीच नाही. देशाचे नाव हजार वर्षांचे असले म्हणून त्या देशातील बोली स्वतंत्र भाषा ठरत नाही, आणि नाव अर्वाचीन असले म्हणून तिचे काही बिघडत नाही. तरीही डोगरीविषयक लेखनात व्युत्पत्तीची ही चर्चा पहिल्या पानावर येते, कारण प्राचीनत्व सिद्ध झाले की प्रतिष्ठा आपोआप सिद्ध होते, असा एक समज आपल्या सर्वच भाषांच्या कैवाऱ्यांमध्ये रूढ आहे.

याच समजाचे दुसरे अपत्य म्हणजे अमीर खुसरोचे प्रमाण. खुसरोने १३१८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘नुह सिपिहर’ या फारसी काव्यात हिंदुस्थानातील भाषांची एक यादी दिली आहे. सिंधी, लाहोरी, काश्मीरी अशा क्रमाने जाणाऱ्या त्या यादीत ‘डुग्गर’ची भाषा येते. हे डोगरीच्या पृथक् अस्तित्वाचे सातशे वर्षांपूर्वीचे साक्षीपत्र, असे मानण्यात येते. फारसी लिपीत नुक्त्यांच्या घोटाळ्याने स्थलनामांची काय दशा होते, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवू आणि पाठ निर्दोष आहे असेच धरून चालू. तरी त्या यादीतून निष्पन्न काय होते? खुसरोने देशांची नावे घेतली आणि प्रत्येक देशाला त्याची भाषा आहे असे म्हटले. आजचा अभ्यासक ज्या अर्थाने भाषा व बोली यांत भेद करतो, तो त्याच्या मनात असण्याचे कारण नव्हते. मराठी अभ्यासकाला तर त्या यादीची मर्यादा चटकन ध्यानात यावी, कारण तीत मराठी नाही! ज्या कुत्बुद्दीन मुबारकशाहासाठी हे काव्य रचले गेले, तो त्याच सुमारास देवगिरीवर स्वारी करून आला होता, आणि त्या स्वारीचे वर्णनही काव्यात आहे. ज्ञानेश्वरीला त्या वेळी अठ्ठावीस वर्षे झाली होती. यादीत नाव नाही म्हणून मराठी नव्हती असे जर आपण म्हणणार नसू, तर यादीत नाव आहे एवढ्यावरून डोगरीविषयी फार मोठे विधान करण्याचा अधिकारही आपल्याला पोहोचत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात डुग्गर नावाचा देश दिल्लीला माहीत होता, आणि तेथील बोलणे लाहोरच्या बोलण्याहून वेगळे गणले जाई, एवढे खुसरोकडून घ्यावे. ते कमी नाही. पण तेवढेच आहे.

आता विरुद्ध पक्षाचे मुख्य प्रमाण. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा पहिला भाग १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोगरीची गणना पंजाबीच्या बोलींत केली आहे. पुढे पन्नास वर्षे डोगरीविरुद्ध हेच वाक्य ब्रह्मवाक्यासारखे वापरले गेले. आपल्याकडे कोकणीच्या वादात सातव्या खंडाचे (१९०५) झाले तसेच हे झाले. तेथे कोकणी मराठीची बोली म्हणून नोंदली गेली आणि १९७५ मध्ये साहित्य अकादेमीने व १९९२ मध्ये संसदेने वेगळा निर्णय देईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, तो खंड उघडून दाखवण्याची हौस आपल्यातील काहींना राहिली. ग्रियर्सनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की त्यांचे काम वर्गीकरणाचे होते. कोणाला प्रतिष्ठा द्यावी हे ठरवण्याचे नव्हते. बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट आणि ठरावीक शब्दांची यादी जिल्ह्याजिल्ह्यांतून भाषांतरित करून घ्यायची व त्यांवरून साम्यभेद पाहायचे, ही त्यांची पद्धती होती. कागदावर उतरलेल्या नमुन्यांत जे दिसते तेवढेच तीत येणार. पंजाबीचे सूर टी. ग्रॅहम बेली यांनी १९१४ मध्ये उच्चारानुसार नोंदून दाखवले. सर्वेक्षणाच्या नमुन्यांतून ते ऐकू येणे शक्यच नव्हते.

साम्यभेदांचेच पाहायचे तर डोगरीत पंजाबीशी साम्य विपुल आहे. षष्ठीचा ‘दा’ दोहींना समान आहे. शब्दाच्या आरंभीचे ‘घ’, ‘झ’, ‘ध’, ‘भ’ हे सघोष महाप्राण लोपून त्यांच्या जागी सूर येणे, हेही समान आहे. ‘घर’ हा शब्द दोन्हीकडे ‘कर’च्या जवळ जाणाऱ्या उच्चाराने, खालच्या सुरात म्हटला जातो. म्हणून ‘डोगरी ही सुरांची भाषा आहे’ हे विधान खरे असले तरी पंजाबीपासूनच्या स्वातंत्र्याचे प्रमाण म्हणून ते निरुपयोगी आहे, आणि डोगरीच्या काही समर्थकांनी ते त्या कामी वापरावे याचे आश्चर्य वाटते. भेद पाहायचे ते अन्यत्र. पंजाबीतील ‘नूं’च्या जागी डोगरीत ‘गी’ येतो. भूतकाळी साहाय्यक क्रियापद पंजाबीत ‘सी’, डोगरीत ‘हा’. भविष्यकाळी ‘तो जाईल’ या अर्थी डोगरी ‘ओह् जाग’ म्हणते, आणि ‘मी जाईन’ या अर्थी ‘मैं जाङ’. त्यातला शब्दान्तीचा कंठ्य अनुनासिक नागरी वाचणाऱ्याला नवलाचा वाटतो, कारण आपल्या वर्णमालेत ‘ङ’ पाठ करण्यापुरताच उरला आहे. हे भेद लहान नाहीत. पुढील अभ्यासकांपैकी अनेकांनी डोगरीला पंजाबीच्या कक्षेतून काढून पश्चिमी पहाडी बोलींच्या पंक्तीला बसवले, त्याला असा आधार आहे.

परंतु येथेही सावधपणे चालले पाहिजे. ‘गी’ आणि ‘नूं’ हा भेद मराठीच्या ‘ला’ आणि कोकणीच्या ‘क’ यांच्या भेदासारखा आहे, आणि कोकणीच्या बाजूने तो वारंवार पुढे केलाही जातो. पण वऱ्हाडात ‘मला’च्या ऐवजी ‘मले’ म्हणतात. म्हणून वऱ्हाडी ही स्वतंत्र भाषा आहे असा दावा नागपूर-अमरावतीच्या लेखकांनी केला नाही. तात्पर्य, विभक्तिप्रत्ययांच्या तक्त्यात दोन बोलींमधील अंतर मोजता येते. पण अमुक अंतरानंतर भाषा सुरू होते, अशी शीव त्या तक्त्यात कोठेही आखलेली नसते. जर्मन अभ्यासक हाइन्झ क्लॉस यांनी १९५२ मध्ये या संदर्भात एक उपयुक्त भेद केला. काही भाषा शेजारच्या भाषांपासूनच्या अंतरानेच भाषा ठरतात, तर काही त्यांच्यात घडवलेल्या लेखनव्यवहाराने, विकासाने ठरतात. डोगरी ही दुसऱ्या प्रकारात मोडते. तिचे स्वातंत्र्य तिच्या प्रत्ययांत पुरते सापडत नाही. तिच्या बोलणाऱ्यांनी गेल्या ऐंशी वर्षांत तिच्यात जे लिहिले, त्यात ते आहे.

ग्रियर्सनच्या बाबतीत डोगरीच्या कैवाऱ्यांची एक विसंगती नमूद केल्यावाचून राहवत नाही. त्यांनी डोगरी पंजाबीखाली घातली, हे या मंडळींना खटकते. पण त्यांनीच कांगडी, कंडियाली व भटियाली या बोली डोगरीखाली घातल्या, ते मात्र त्यांना मान्य असते! आणि येथे राजकीय सीमारेषांनी आपले काम केले आहे. कांगडा १९६६ च्या पंजाब पुनर्रचनेत हिमाचल प्रदेशात गेला. २०११ च्या जनगणनेत डोगरी सांगणारे २५,९६,७६७ भरले (२००१ मध्ये ते २२,८२,५८९ होते). त्याच गणनेत कांगडी सांगणारे अकरा लाखांहून अधिक असून त्यांची बेरीज हिंदीच्या खाती झाली आहे. रावीच्या पलीकडे गेले की सर्वेक्षणातील एकाच बोलीगटाचे लोक अधिकृत नोंदीत दुसऱ्या भाषेचे होतात. डोगरीला जी वागणूक पंजाबीच्या छत्राखाली मिळत होती, तीच आता कांगडीला हिंदीच्या छत्राखाली मिळते आहे, आणि याविषयी जम्मूत फारसा कंठशोष झालेला नाही.

सत्तेचा आणि भाषेचा संबंध सरळ असतो, असे मानणाऱ्यांनी डोगरीचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास अवश्य पाहावा. डोगरा राजघराण्याने १८४६ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे एकशे एक वर्षे, एका विस्तीर्ण संस्थानावर राज्य केले. इतक्या काळात राजाच्या मातृभाषेला राजमान्यतेची खरी संधी मिळाली ती एकदाच, महाराजा रणबीरसिंह यांच्या कारकीर्दीत (१८५७–१८८५). फारसी ही दरबाराची भाषा कायम ठेवून त्यांनी तिच्या जोडीला डोगरीला कारभारात जागा दिली. ग्रंथांची भाषांतरे करवून घेतली. जम्मूत छापखाना घातला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा डोगरी अनुवाद याच प्रयत्नाचे फळ होय. रणबीरसिंहांनी रघुनाथ मंदिरात जमवलेल्या संस्कृत पोथ्यांची मार्क ऑरेल स्टाइन यांनी केलेली सूची १८९४ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापली गेली, एवढा आपला या प्रकरणाशी प्रत्यक्ष संबंध. पण त्यांच्या पश्चात हे सारे ओसरले. १८८९ मध्ये फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि डोगरी पुन्हा घरात व शेतात परतली. राजा डोगरा, सैन्य डोगरा, आणि कचेरीत डोगरी नाही, अशी ही स्थिती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

भाषा टिकली ती दुसऱ्याच ठिकाणी. जोगी मंडळी जी कथागीते गात त्यांना डोगरीत ‘कारक’ म्हणतात. अन्यायाने बळी गेलेल्या, आणि पुढे देवत्व पावलेल्या माणसांच्या त्या कथा असतात. त्यांत सर्वांत प्रसिद्ध बावा जित्तो याची. जित्तो हा कटऱ्याजवळच्या अघार गावचा ब्राह्मण शेतकरी. भाऊबंदकीला कंटाळून गाव सोडतो; झिडीच्या परिसरात बीरसिंह मेहता नावाच्या जमीनदाराकडून पडीक जमीन कसायला घेतो. उत्पन्नाचा चौथा हिस्सा द्यायचा, असा करार. जमीन पिकते, गव्हाची रास खळ्यावर उभी राहते, आणि जमीनदाराची बुद्धी फिरते. तो अधिक वाटा मागतो. जित्तो त्या राशीवर स्वतःला कट्यार मारून घेतो आणि सारा गहू रक्ताने भिजवतो. त्याची लहान मुलगी बुआ कौडी हिचाही अंत बापाच्या चितेवर होतो. दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास झिडीला मोठी जत्रा भरते, आणि तेथे येणाऱ्यांत त्या जमीनदाराच्या वंशजांप्रमाणे प्रायश्चित्तासाठी येणारी कुळेही असतात, अशी श्रद्धा आहे.

ही कथा पुरातन म्हणून महत्त्वाची नाही. तिच्यात राजघराण्याच्या बखरीत न येणारा इतिहास आहे: वाट्याचा करार, तो मोडणारा मालक, आणि दाद मागायला जागा नसलेला कूळ. गुलाबसिंहाचे फारसी चरित्र, दिवाण किरपाराम यांचे ‘गुलाबनामा’, १८७६ मध्ये छापले गेले. जित्तोचे चरित्र कोणी छापले नव्हते, ते गायले जात होते. पुढे १९४८ मध्ये रामनाथ शास्त्री यांनी याच कथेवर ‘बावा जित्तो’ हे नाटक लिहिले. जमीनदारी रद्द करण्याच्या मागणीचे ते दिवस होते, आणि कारक व नाटक यांच्यात कथानक जवळजवळ तेच असले तरी श्रोता बदलला होता. कारकाचा श्रोता नवस फेडायला येत असे. नाटकाच्या प्रेक्षकाला आपल्या खळ्यावरचा हिशेब आठवावा, अशी योजना होती. नव्या डोगरी साहित्याचा आरंभ कोठे झाला, असे कोणी विचारले तर येथे बोट ठेवावेसे वाटते.

अर्थात तो एका नाटकाने झाला नाही. १९४४ मध्ये जम्मूत डोगरी संस्था स्थापन झाली. शास्त्री, दीनूभाई पंत आदी मंडळी तिच्यात होती. १९४७ मध्ये भगवत प्रसाद साठे यांचा ‘पैह्‌ला फुल्ल’ हा डोगरीतला पहिला कथासंग्रह आला. (साठे हे आडनाव पाहून मराठी वाचक क्षणभर थबकेल, तो विषय निराळा आहे.) १९७० मध्ये अकादेमीचे पहिले डोगरी पारितोषिक नरेंद्र खजूरिया यांच्या कथासंग्रहाला आणि १९७१ चे पद्मा सचदेव यांच्या कवितासंग्रहाला मिळाले. पद्माबाईंचे नाव मराठी माणसाला थोडे परिचयाचे आहे, कारण त्यांची डोगरी गीते लता मंगेशकर यांनी गायिली आणि पद्माबाईंचा २०२१ मध्ये मृत्यूही मुंबईतच झाला. त्यांची अगदी तरुणपणी गाजलेली कविता ‘राजे दियां मंडियां’. येथे ‘मंडी’ म्हणजे आपली मंडई नव्हे. जम्मूच्या बोलीत मंडी म्हणजे राजवाड्याचा आवार. मुबारक मंडी हा तेथील जुना राजवाडा आजही त्या नावाने ओळखला जातो. राजवाड्याकडे बाहेर उभ्या असलेल्या गरीब माणसाच्या नजरेने पाहणारी ती कविता आहे. डोगरा राज्य संपून अवघी काही वर्षे लोटली असताना डोगरीतील एक मुलगी राजवाड्याविषयी असे लिहिते, आणि त्याच कवितेने नावारूपाला येते, ही गोष्ट व्युत्पत्तीच्या दहा प्रमाणांहून बोलकी आहे. राज्य असताना भाषेला जे साधले नाही ते राज्य गेल्यावर साधले. राजाश्रय नाहीसा होताच जी भाषा खुरटण्याऐवजी वाढली, तिला कोणाची बोली म्हणून तिच्या वाढीचा उलगडा होत नाही.

इथवर समाधानाची कथा झाली. पण मान्यतेची जी किंमत डोगरीने मोजली तिच्याविषयी बोलायला दोन्ही पक्ष सारखेच नाखूष दिसतात. ती किंमत म्हणजे लिपी.

डोगरीची लिपी टाकरी कुळातली. शारदेपासून उतरलेल्या या लिपीची निरनिराळी वळणे चंबा, कांगडा, मंडी, जम्मू या पहाडी राज्यांत चालत. जम्मूच्या वळणाला ‘डोगरे अक्खर’ म्हणत. जुनी टाकरी ही प्रामुख्याने हिशेबाची, पत्राची, खुणेची लिपी. स्वरचिन्हे ती पुष्कळदा गाळते, त्यामुळे लिहिणाऱ्याखेरीज इतरांनी ती वाचताना अडखळावे, अशी तिची ख्याती. रणबीरसिंहांनी नागरीच्या धर्तीवर तिच्यात सुधारणा करवून स्वरचिन्हे नियमित केली. हे ‘नमें’ म्हणजे नवे डोगरे अक्षर. ग्रंथ त्यात छापले गेले. संस्थानच्या १८६६ पासूनच्या टपाल-तिकिटांवर फारसीबरोबर डोगरी अक्षरे होती. १८९४ मध्ये संस्थानची स्वतंत्र तिकिटे बंद झाली आणि तीही गेली. त्याआधी, १८२६ मध्ये, श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नव्या कराराचे डोगरी भाषांतर टाकरी टंकात छापले होते. म्हणजे छापखान्याला ही लिपी झेपत नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. तरीही १९४४ नंतरच्या लेखकांनी मुख्यतः नागरीचा स्वीकार केला, आणि मान्यता मिळाली ती नागरीतल्या डोगरीला.

त्यांचा निर्णय चुकला, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. वाचक नागरी जाणत होते, टंक नागरीचे होते, शाळा नागरीच्या होत्या. मोडी सोडून बालबोध धरणाऱ्या आपण मराठी लोकांना या बाबतीत दुसऱ्याला उपदेश करण्याचा हक्कही नाही. परंतु नागरीने डोगरीचे सर्व प्रश्न सोडवले, ही समजूत खरी नाही. ‘घर’ लिहायचे आणि ‘कर’च्या जवळचे काही खालच्या सुरात म्हणायचे, ही व्यवस्था डोगरी भाषकाला सवयीने साधते, शिकणाऱ्याला ती फसवते. शब्दाच्या मध्ये व अंती सूर दाखवण्यासाठी अक्षरापुढे एक स्वल्पविरामासारखी वरची खूण करतात, आणि स्वराची अधिक दीर्घता दाखवायला अवग्रह वापरतात. ही सोय चांगली आहे. पण छपाईत ती कोणी पाळतो, कोणी पाळत नाही. ज्या वैशिष्ट्याचा वादात सर्वाधिक उदोउदो झाला, ते लेखनात सर्वाधिक ढिलाईने उतरते, असा हा प्रकार आहे.

आणि लिपी गेली की तिच्याबरोबर काय जाते, हे चित्रकलेच्या इतिहासात पाहायला मिळते. बसोहली हे आज कठुआ जिल्ह्यातले लहान गाव. तेथे राजा किरपालपालासाठी देवीदास या चितेऱ्याने १६९४–९५ मध्ये भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’वरील चित्रमाला रंगवली. त्या शैलीतील चित्रांत दागिन्यांतील पाचूंच्या जागी भुंग्यांच्या चकाकत्या पंखांचे तुकडे चिकटवीत. त्या मालेची समाप्ती संस्कृतात असल्याने तिचा काळ ठरला. पण बहुतांश पहाडी चित्रांच्या पाठीवर किंवा कडेला जे काही लिहिलेले असते ते टाकरीत असते. आनंद कुमारस्वामी यांनी १९१६ मध्ये ‘जम्मू शैली’ म्हणून जो वर्ग कल्पिला, त्यातील लंकेच्या वेढ्याची मोठी चित्रे आज गुलेरच्या मानकूची मानली जातात. मानकूचा भाऊ नैनसुख जसरोट्याच्या बलवंतसिंहाच्या पदरी होता. बी. एन. गोस्वामी यांनी १९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात या घराण्याची वंशावळ मांडली, ती राजदरबारच्या कागदांवरून नव्हे, तर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत चितेऱ्यांनी स्वहस्ते केलेल्या टाकरी नोंदी आणि चित्रांवरील टिपा वाचून. शैली ही राजाची नसून चितेऱ्यांच्या कुटुंबाची असते, हा त्यांचा निष्कर्ष पहाडी चित्रकलेच्या अभ्यासात मूलगामी ठरला. तो एका लिपीच्या वाचनावर उभा आहे. गोस्वामी २०२३ मध्ये गेले.

डोगरे अक्षरांना २०१८ मध्ये युनिकोड या आंतरराष्ट्रीय अक्षरसंकेतात जागा मिळाली. त्याआधी टाकरीला २०१२ मध्ये व मोडीला २०१४ मध्ये मिळाली होती. आता अक्षरे संगणकावर उमटवता येतात. ती वाचणारे मात्र संकेताने निर्माण होत नाहीत. जम्मूच्या घराघरांतील जुन्या वह्या, जमिनीचे कागद, वैद्यांची बाडे यांपैकी किती अशा वाचकांची वाट पाहत आहेत, हे पाहून घेण्याचे काम मुख्यतः तेथल्या विद्यापीठांचे आहे. तरी आपल्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांनी पेशवे दफ्तरासाठी मोडीचा अभ्यास केला आहे, त्यांना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न करणारी, घाईने चालणारी, संदर्भाने वाचावी लागणारी लिपी नवी वाटण्याचे कारण नाही. व्यंजनांच्या आकृत्या शिकाव्या लागतील, आणि मग ‘गी’ कोठे संपतो व पुढचा शब्द कोठे सुरू होतो हे ओळखण्यासाठी थोडी डोगरीही.